लडकू सुरोशेचं पाणी

१२ फेब्रुवारी

विषय मिळाला. मिळाला म्हणजे गळ्यात पडला! इतिहासाच्या मॅडमनी फळ्यावर लिहिलं — 'आपल्या भागातली विसरलेली व्यक्ती'. तिघातिघांचे गट. सगळ्या वर्गाच्या उड्या सिद्धगडच्या हुतात्म्यांवर. आमचा नंबर येईपर्यंत सिद्धगड संपला!

गटात मी, धसईची नम्रता आणि ओमकार. तो मूळ आसनगावचा, मुरबाडला मामाकडे राहून शिकतो. तिघांनाही काही सुचत नाही.

१७ फेब्रुवारी

ओमकार रविवारी नाणेघाट चढून आला. वर एका गावात चहा प्यायला. टपरीवाल्याचं नाव लडकू.

नम्रता म्हणाली, "लडकू? ते तर आपल्या घाटाखालचं नाव. घाटावर कुठून आलं?"

ओमकारनेही हेच विचारलं होतं. तो माणूस म्हणाला, आमच्या गावात तीन लडकू आहेत. खाली कोकणात एक माणूस होता, दुष्काळात आम्हाला जगवलं त्याने, त्याच्या नावावरून ठेवलीत. कुठला तो? तर — खुटारवाडीचा!

माझं गाव! एकोणीस वर्षं इथे राहते, आणि हे नाव मी कधी ऐकलेलं नाही.

१८ फेब्रुवारी

जेवताना विचारलं, "लडकू म्हणून कोण होता गावात?"

बाबांचा हात ताटात थांबला. आई म्हणाली, "भात घे अजून."

१९ फेब्रुवारी

मोठ्या काकांना विचारलं. ते सरपंच, त्यांना गावाचं सगळं ठाऊक. म्हणाले, "असला कोणी नव्हता." मग अंगणातून परत आले आणि म्हणाले, "तुला सांगितलं कोणी?"

नव्हता, तर मग कोणी सांगितलं हे कशाला हवं? ठरलं. हाच विषय.

९ मार्च

आज घाटावर गेलो. टपरीवाल्या लडकूचे वडील, भगीरथबाबा, अजून आहेत. ऐकू कमी येतं, पण बोलायला लागले की थांबत नाहीत.

बहात्तरचा दुष्काळ. वर खायला नाही, प्यायला नाही. गावंच्या गावं घाट उतरून खाली आली. खुटारवाडीच्या रस्त्याला खडी फोडायचं काम निघालं होतं. भगीरथबाबा तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे. काम मिळालं, पण गावाने पाणी बंद केलं. 'घाटी लोक' म्हणून विहिरीवर चढू देईनात. लोक ओढ्यातल्या डबक्याचं पाणी प्यायले. जुलाब लागले. भगीरथबाबांची धाकटी बहीण गेली त्यात. तिचं नाव रंगू. एवढ्या वर्षांनी नाव घेताना म्हातारा मान वळवून डोंगराकडे बघत बसला.

दुसऱ्या दिवशी लडकू सुरोशे नावाचा शेतकरी आला आणि म्हणाला, "माझ्या मळ्यात विहीर आहे. चला."

गावाने बैठक बसवली. पाणी बंद कर म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "विहीर मी खणली. पाणी मी नाय खणलं."

तेवढ्यावर थांबला नाही. घाटावरच्या बायामाणसांना घेऊन चालत मुरबाडला गेला, कचेरीच्या दारात बसला. 'ही माणसं सरकारी रस्त्यावर राबतात, यांना रेशन का नाय?' साहेब बाहेर येईपर्यंत उठला नाही. रेशन सुरू झालं.

आणि गावाने त्याला वाळीत टाकलं.

पुढे पाच-सहा वर्षांनी तो वारला. खांदा द्यायला गावातला एक माणूस बाहेर पडला नाही. घाटावर कळलं. "आमी रातोरात उतरलो," भगीरथबाबा म्हणाले. "आमी नेला त्याला."

उतरताना नम्रता मध्येच एकदा म्हणाली, "तुमच्या गावात कोणाचंही नाव लडकू नाही ठेवलं."

१० मार्च

ती विहीर कुठे होती ते बाबांनी शेवटी सांगितलं. बुजवली. आता तिथे समाजमंदिर आहे. मी दरवर्षी तिथे नाचते!

आणि एक. लडकू सुरोशेची मुलगी गावातच आहे. वरच्या आळीतली गिरजाआत्या. लग्न होऊन शहापूरकडे गेली होती, नवरा गेल्यावर परत आली. आडनाव बदललेलं, म्हणून मला कधी कळलंच नाही. लहानपणी तिच्या अंगणातली किती करवंदं खाल्ली!

११ मार्च

गिरजाआत्याने दार लावून घेतलं.

२४ मार्च

आज चौथ्यांदा गेले. एकटी. वाल सोलत बसली होती, मीही समोर बसून सोलायला लागले. टोपली अर्धी झाली. मग म्हणाली:

"माझ्या बापाचा फोटू लावणार तुमी कॉलेजात? हार घालणार?"

मी म्हटलं, त्यांनी एवढं मोठं काम केलं —

"त्याने पाणी दिलं गो. भोगलं आमी. मी बारा वर्षांची. पोरी माझ्याशी खेळायच्या बंद झाल्या. आई भात झोडायला माणसं बोलवायची, कोणी यायचं नाय. आमी तिघांनी झोडला. आई त्यातच खंगली. त्याने आमाला विचारलं होतं काय, विहीर उघडू का म्हणून?"

मी वाल सोलत राहिले. निघताना म्हणाली, "लिहायचं तर हे पण लिही."

लिहीन. सगळं लिहीन.

६ एप्रिल

डोंगराच्या पायथ्याला बंगल्यांची स्कीम चाललीय. पत्र्याच्या खोल्यांत झारखंडची माणसं राहतात. त्यांची टाकी पंधरा दिवस कोरडी, ठेकेदार फोन उचलत नाही. आज त्यातली एक बाई, फूलमणी, पोर कडेवर घेऊन आमच्या आळीच्या नळावर आली. तिला हाकललं. हंडा पालथा केला! कोणी केला ते लिहीत नाही, रोज तोंड बघायचंय.

तिने हंडा उचलला आणि पोराची टोपी सरळ केली.

मी तिथे होते. त्यांना अडवलं नाही. फक्त माझा भरलेला हंडा तिच्या हंड्यात ओतला.

७ एप्रिल

मोठे काका म्हणाले, एक मेच्या ग्रामसभेत ठरावच करून टाकू — बाहेरच्यांना गावचं पाणी नाय. आज पाणी मागतील, उद्या मतदान.

मी ओमकारला फोन केला. म्हटलं, प्रकल्प कॉलेजात नंतर वाचू. आधी ग्रामसभेत.

"तुझ्या काकांसमोर?"

"काकांसमोर."

९ एप्रिल

आईला ग्रामसभेचं कळलं. म्हणाली, "रेश्माची हळद दहा मेला आहे. गावाशी वाकडं घेऊ नको. तुझं शिक्षण होईल गो, तिचं काय?"

रेश्माताई दळण निवडत होती. वर न बघता म्हणाली, "माझं नाव सांगून तिला अडवू नको, आई."

ताईचा एवढा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

२२ एप्रिल

डबक्याचं पाणी पिऊन फूलमणीचं पोर आजारी. नम्रताने आणि मी दोघांना रिक्षात घालून टोकावड्याच्या दवाखान्यात नेलं. सलाईन लावलं, वाचलं. वाटेत ती एवढंच म्हणाली, "हमारे गाँव में भी ऐसी गर्मी है. पर कुआँ खुला रहता है."

मला सारखी ती रंगू आठवत होती. जिला मी कधी पाहिलंच नाही.

३० एप्रिल

उद्या. भाषण लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं. संध्याकाळी गिरजाआत्याकडे गेले, म्हटलं तुम्ही या. म्हणाली, "मी कशाला?" उगाच गेले असं वाटलं. पण घाबरून घरात बसणार नाही. ठरलं ते ठरलं.

१ मे

नीट लिहिते.

समाजमंदिर गच्च भरलेलं. ठराव वाचला गेला. मी उभी राहिले. काका म्हणाले, "बस खाली, घरी बोलू." मी म्हटलं, "सरपंच, मी मतदार आहे." हशा झाला. हशातच वाचायला सुरुवात केली. लडकू सुरोशेचं नाव घेतलं आणि हशा बंद! मागून एकजण ओरडला, "खोटं आहे! पुरावा काय?"

आणि दारातून आवाज आला, "मी हाय ना."

गिरजाआत्या. धुवट लुगडं, अनवाणी. पुढे आली नाही, दाराला धरूनच बोलली.

"माझा बाप बरोबर होता का चुकला, मला अजून ठरवता आलं नाय. मी त्याच्यावर लय रागावलेय. पण तुमी चुकलात. तो मेला तेव्हा मी याच वाटेवर उभी होते. एकेका दारात गेले. दादा, चला. मामा, चला. दारं लावलीत तुमी. आता त्या बाईचं पोर मेलं तर तिने कुणाच्या दारात जायचं? मला तिच्या तोंडाकडे बघवणार नाय. तुमाला बघवंल काय?"

मग वळली आणि चालती झाली.

काका म्हणाले, "भावनेवर गाव चालत नाय. हात वर करा." ठरावाच्या बाजूने पुढच्या रांगांतले हात गेले. मग विरोधात. आधी मी एकटी. मग नम्रताची मावशी, ती आमच्याच गावात दिलेली. मग मागच्या बायका. एकीने केला, तिला बघून दुसरीने. बाबांचा हात वर गेला तेव्हा मला रडू आलं. मोजले तर विरोधातले हात जास्त. ठराव पडला!

पायथ्याच्या वाटेवर एक नळ द्यायचं ठरलं. काकांनी सही केली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

४ मे

नळ बसला. फूलमणीने आधी पोराचे पाय धुतले.

५ मे

वाण्याने आईला सामान दिलं नाही. संपलंय म्हणाला. मागे पोती दिसत होती.

७ मे

आता स्पष्टच झालं. मांडव घालायला येणारी मुलं आली नाहीत. आचाऱ्याने धसईला दुसरं काम घेतलं. कोणी तोंडाने काही बोलत नाही. फक्त कोणी येत नाही. सभेत हात वर केलेल्या बायकांनाही घरच्यांनी अडवलंय.

ओमकार तावातावाने म्हणाला, "वाळीत टाकणं गुन्हा आहे. कायदा आहे आता, तक्रार करू!"

बाबा म्हणाले, "करू रे. पण कायदा हळदीला येणार काय?"

मांडव बाबांनी, ओमकारने आणि मीच घातला. थोडा वाकडा झालाय.

८ मे

आज पहिल्यांदा गिरजाआत्याचा राग पुरता कळला. मी ठरवलं, आणि भोगतेय ताई.

ताईजवळ गेले, म्हटलं माफ कर. ती म्हणाली, "मला विचारलं असतंस तरी मी हो म्हटलं असतं. फक्त विचारायचं होतंस."

हे प्रकल्पात लिहिणार आहे.

१० मे

ताईची हळद. सूर्य मावळला तरी मांडव रिकामा. आई, गिरजाआत्या, नम्रता आणि मी. हळदीचं गाणं, धवला, म्हणायला कोणी नाही. आमच्याकडे त्याशिवाय हळद लागत नाही. गिरजाआत्या म्हणाली, मला येत नाय गो, मला कोणी बोलावलंच नाय कधी शिकायला.

तेवढ्यात मोठी काकी आली. सरपंचाची बायको! एकटी, भर रस्त्याने, सगळ्या दारांसमोरून. कोणाशी बोलली नाही. ताईला पाटावर बसवलं, हळदीत बोटं बुडवली आणि गायला लागली. मुद्दाम मोठ्याने. एक ओळ म्हणायची आणि थांबायची — पुढची ओळ बाकीच्या बायकांनी उचलायची असते. आम्हाला कोणालाच ती येईना. काकी पुन्हा तीच ओळ म्हणाली. पुन्हा थांबली.

तिसऱ्या वेळी समोरच्या बंद घरातून कोणीतरी पुढची ओळ उचलली.