आधी श्वास मोज

सर, आज दारच्या रायवळाचे आंबे पडायला लागले आणि तुमचा ओरडा आठवला.

पोलादपूरच्या जनावरांच्या दवाखान्यात तुमच्या हाताखाली मी नवी होते, आणि नव्या डॉक्टरचा सगळा उतावळेपणा माझ्या अंगात होता. त्या दिवशी तुम्ही मोटारसायकल लावेपर्यंत मी सिरिंज भरून गोठ्यात पोचलेसुद्धा. गाय मान ताणून, तोंड उघडं टाकून उभी होती. नाकपुड्या फुललेल्या, पुढच्या पायांची कोपरं बाहेर फाकलेली. मालकीण एकटी बाई, घरात दुभतं तेवढंच. ती रडत म्हणाली, "घटसर्पच हाय ह्यो, बाय. शेजारची अशीच घुसमटून गेली. माझी नाय वाचायची." मीही मान डोलावली. पावसाच्या तोंडावर गळा धरणारं दुसरं काय असणार? दोघं शेजारी गायीला पाडायला दोर घेऊन पुढे झाले, एकाच्या हातात काढा पाजायची बांबूची नळी. मी "घट्ट धरा" म्हणाले, तेवढ्यात मागून तुमचा आवाज आला. "कोणी पाडायचं नाही! उभी आहे म्हणून कसाबसा श्वास घेतेय, आडवी केलीत तर तिथेच संपेल. आणि तू, सुई खाली ठेव. आधी लांबून बघ. श्वास मोज."

चारचौघांत ओरडलात म्हणून मला भयंकर राग आला होता. पण मोजले. मोजताना कुशीकडे बघावंच लागतं, आणि मग दिसलं की डावी कूस ढोलासारखी तट्ट फुगलीय, तोंडातून लाळेची तार लागलीय. थर्मामीटर लावला, तर ताप नाही, म्हणजे घटसर्पही नाही. तुम्ही गोठ्यामागच्या आंब्याकडे नुसतं बोट दाखवलंत. कोय! अन्ननळीत अडकलेली, आणि पोटातला वायू कोंडून छातीवर आलेला. त्यात काढा ओतला असता तर तो थेट फुप्फुसात गेला असता. तुम्ही कुशीत जाड सुई घालून वायू सोडलात, गायीने पहिला पुरता श्वास घेतला, आणि मग गळ्यावरून दाबत दाबत कोय वर सरकवायला मला लावलंत. ती हातात आल्यावर मालकिणीला म्हणालात, "हिने वाचवली हो तुमची गाय." दुसऱ्या दिवशी त्या बाईने टोपलीभर आंबे पाठवले. "खा, पण कोयी सांभाळून टाक," एवढंच तुमचं कौतुक.

नंतर न्यूमोनियाने धापणारी वासरं आली, जीभ निळी पडलेले कुत्रे आले. सगळ्यांना मी आधी लांबून पाहिलं. त्यातली जी वाचली, ती तुमच्या त्या ओरड्यामुळे, सर. हे तोंडावर सांगायची माझी कधी छाती झाली नाही.

महाडच्या इस्पितळातली आपली शेवटची भेट अजून डोळ्यांसमोर आहे. तिथेही मी आधी दारातच थांबते. तुम्ही खाटेच्या कडेला बसलाय, हात गुडघ्यांवर, कोपरं बाहेर, मान पुढे. काकू काकुळतीने म्हणतायत, "अहो, जरा आडवे तरी व्हा." मी म्हणते, "नको काकू, बसू द्या त्यांना," आणि उशा तुमच्या पुढ्यात रचते. तुम्ही त्यांवर रेलता आणि हसता. तेवढ्या धापेतही विचारता, "मोजलेस?"

"नाही सर, आज नुसती भेटायला आलेय," मी म्हणते.

मोजले होते, सर.