खांद्यावरची काठी

३ नोव्हेंबर

रुजू झाले एकदाची! कारखाना मोठा, आवार त्याहून मोठं, आणि दारावर माझी पाटी: सुरक्षा अधिकारी. खोली छोटीशीच, पण खिडकी आहे आणि खुर्ची चाकांची आहे. आईला फोनवर नोकरीपेक्षा खुर्चीचंच कौतुक जास्त सांगितलं. पहिलं काम ऐकून मात्र हसू आवरेना. गवत कापायच्या मशीनचे धोके तपासायचे! एवढ्या धगधगत्या भट्ट्या सोडून गवत. म्हटलं, चला, श्रीगणेशा गवतापासून.

५ नोव्हेंबर

मशीन म्हणजे लांब दांडा आणि टोकाला गरगर फिरणारी नायलॉनची दोरी. दिसते साधी, पण वाटेत खडा आला की गोळीसारखा उडवते. माळीदादांनी पुढचं गार्ड काढूनच ठेवलेलं, ओलं गवत अडकतं म्हणून. चष्मा होता, पण टोपीवर. मी चांगलं फैलावर घेतलं, तर हा भला माणूस नुसता हसत हो हो करत राहिला. वर उतारावर मागे मागे सरकत गवत कापतो! कपाळाला हात लावला मी. विचारलं तर म्हणे, मागचं बघायला बायको आहे की.

आणि खरंच असते. मशीनच्या आवाजात हाक ऐकू जात नाही, म्हणून वहिनी लांब काठी घेऊन मागे उभ्या. खांद्यावर एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे मागे येऊ नकोस. लग्न झाल्यापासून नवऱ्याला टोचतेच आहे, इथे त्याचा पगार मिळतो एवढंच, असं वहिनी म्हणाल्या. हसून हसून पोट दुखलं.

८ नोव्हेंबर

धोक्यांचा तक्ता पूर्ण झाला. गार्ड बसवलं. कान पार बंद करणारे जाड कप मी स्वतः निवडून आणले. उताराखालच्या सांडपाण्याच्या टाकीचं झाकण दुरुस्तीला गेलंय. ते येईपर्यंत काम थांबवायलाच हवं. पण परवा मोठे साहेब येणार, उतार चकाचक हवा म्हणे. मी मान डोलावली. नवीन माणूस, कशाला नन्नाचा पाढा लावा?

वहिनींच्या पायात नुसत्या चपला आणि डोळ्यांवर चष्मा नाही, म्हणून त्यांना हद्दीसाठी बांधलेल्या दोरीपलीकडे उभं करायचं आणि काठी मी घ्यायची असं ठरवलं. त्या कुरकुरल्या. मी म्हटलं, वहिनी, काळजी सोडा, डोळ्यांत तेल घालून बघते.

९ नोव्हेंबर

दादा गेले.

मी फोटो काढत होते. अहवालासाठी. चष्मा, कप, गार्ड, सगळं कसं नेमकं दिसत होतं. फोन नीट धरता यावा म्हणून काठी गवतात टाकली आणि बाजूला झाले. क्षणभरच. दादा मागे सरकत सरकत टाकीत गेले. वहिनी दोरीपलीकडून जिवाच्या आकांताने ओरडत होत्या, मीही ओरडले. दादांना काही ऐकू गेलं नाही. कप चांगले होते. माझीच निवड.

१० नोव्हेंबर

साहेबांनी विचारलं, काठी कोणाकडे होती? माझ्या तोंडून निघालं, वहिनींकडे. कसं निघालं, देव जाणे. वहिनींनी खरं सांगितलं, तर सगळे म्हणाले, बिचारी दुःखात काहीबाही बोलतेय. चूक त्यांची ठरली तर नोकरी जाईल, आवारातली खोलीही जाईल. हे मला माहीत आहे. माहीत असून मी तिथे बसून चहा प्यायले.

१३ नोव्हेंबर

भरदुपारी एकाएकी कान बंद झाले. पंखा नाही, फोन नाही, बाहेरच्या गाड्या नाहीत. आणि उजव्या खांद्यावर एक ठोका.

वळून पाहिलं. खुर्ची भिंतीला टेकलेली. मागे बोट शिरेल एवढीही जागा नव्हती.

एक ठोका म्हणजे थांब. कळलं मला. न कळायला काय झालं?

१५ नोव्हेंबर

जबाबावर सही करताना पुन्हा. एकच ठोका. पेन थांबलं. सगळे माझ्याकडे बघत होते — मी सही केली.

खांदा काळानिळा पडलाय. आईने पाहिला. दाराची कडी लागली म्हटलं. आता आईशीही खोटं.

१६ नोव्हेंबर

वहिनींना खोली सोडायला लावली. जाताना माझ्या दारात आल्या. काठी टेबलावर ठेवली. ताई, तुमची राहिली होती, एवढंच म्हणाल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. लाज वाटते स्वतःची. इतकी, की —

१७ नोव्हेंबर

कान उघडतच नाहीत. पण ठोका नाही. सकाळपासून एकही नाही. सुटले वाटलं — हसले चक्क.

दुपार

टेबल लांब गेलंय. हात पुरत नाही, वही मांडीवर घेतली. टेबल नाही हललं — खुर्ची — मागे —

मागे भिंत होती ना?

पाठीला गार लागतंय. ओला, कुजका वास. पाय जमिनीला रोवते, तरी सरकते आहे. वळायचं धाडस नाही.

दादा, ठोका मारा. दोन मारा. बघताय ना मागचं? लिहिते, खरं लिहिते, हे बघा — काठी माझ्याकडे होती, वहिनींच्या हा