बसभाड्याची गुप्त बातमी

तारनाका, हैदराबाद

प्रिय दादा,

आपलं बोलणं होतं ते वर्षातून एकदा, चौदा एप्रिलला, फोनवर. मी फोन बाबांकडे नेईपर्यंत तू ठेवून देतोस. म्हणून या वेळी पत्र.

सरकारने तीस वर्षांपूर्वीची मंत्रिमंडळाची कागदपत्रं लोकांसाठी खुली केली. त्याचा समारंभसुद्धा केला. शाली, हार, समोसे आणि पारदर्शकतेवर पाऊण तासाचं भाषण. स्वतःच दाबून ठेवलेले कागद दाखवतोय, यात मिरवण्यासारखं काय आहे, हा प्रश्न तिथल्या एकाच्याही चेहऱ्यावर नव्हता. ज्यांनी दाबले त्यांतले निम्मे वारले. उरलेल्यांना विस्मरणाची सोय आहे.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून वाचनकक्षात गेले. फॉर्मवर ‘अभ्यासाचा विषय’ असा रकाना होता. मी लिहिलं, ‘वडील’. कारकुनाने चष्मा कपाळावर चढवला. “अम्मा, बाप का नाम नै पूछ रएं, सब्जेक्ट पूछ रएं. हिस्टरी लिखो, हिस्टरी. सब उसमें आ जाता.” मी खोडलं आणि ‘इतिहास’ लिहिलं. आत फोन न्यायचा नाही, पेन न्यायचं नाही, झेरॉक्स मिळत नाही. पेन्सिलीने उतरवून घ्यायचं. तीन दिवस बसले.

तुला सगळं आठवत असेलच, पण तुला जे दिसलं ते मला चौदाव्या वर्षी जरा वेगळं दिसलं होतं. बाबा सचिवालयात सायक्लोस्टाइलचं मशीन चालवायचे. बैठकीआधी मंत्र्यांच्या टिपणांच्या प्रती काढून द्यायचं काम. नांदेडकडचे पाहुणे आले की डोळे मिचकावून विचारायचे, “काय तातेराव, आत काय शिजतंय?” बाबा म्हणायचे, “डाळ.” आणि आई आतून ओरडायची, “घरच्या डाळीत मीठ आहे का नाही ते कळत नाही यांना, अन् म्हणे सरकारची गुपितं सांभाळतात!” केवढा अभिमान असायचा तिच्या त्या ओरडण्यात.

मग बसभाडं वाढणार ही बातमी बैठकीच्या आदल्या दिवशी पेपरात आली. बसभाडं, दादा. चार दिवसांनी कंडक्टरनेच सांगितली असती अशी ही परमगुप्त गोष्ट. तिच्यापायी चौकशी बसली आणि बाबांची नोकरी गेली. कॉलेजात पोरं तुला ‘फितुराचा’ म्हणायला लागली. एकदा जेवताना तू विचारलंस, “रोज इंग्रजी पेपर वाचता, आणि हातातलं टिपण न वाचता राहिलात होय?” बाबांनी ताटाकडे बघत भाकरी मोडली. तू ती कबुली समजलास आणि पुण्याला निघून गेलास. मीही कबुलीच समजले. मी फक्त घर सोडलं नाही. बाबा पुढे बावीस वर्षं काचीगुडा स्टेशनसमोर झेरॉक्सचं दुकान चालवत राहिले, आणि मी त्यांना डबा नेऊन द्यायचे, तेव्हाही माझ्या मनात ती शंका असायचीच. आता लिहितानासुद्धा लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी ती फाइल हाती आली. बातमी फुटल्यानंतरच्या बैठकीचा वृत्तांत. एका मंत्र्याने सांगितलं, बातमी आपल्याच तोंडून गेली, एका लग्नात, गप्पांच्या ओघात. मग ठरलं की मंत्रिमहोदयांचं नाव पुढे येऊ देऊ नये. पण लोकांना काहीतरी केल्याचं दिसायला हवं, सबब प्रती काढणाऱ्या कर्मचाऱ्यावर कारवाई करावी. हे सगळं अनुक्रमांक घालून, सुबक टाइप करून ठेवलंय. साधा खिसेकापूसुद्धा पळताना मागे वळून बघतो. यांना तेवढीही भीती नव्हती. तीस वर्षांनी वाचायला येऊन येऊन कोण येणार, एखादा प्राध्यापक. तातेरावची पोरगी येईल असं कुणाच्या मनात येणार? मला त्यांचा रागही आला नाही. राग यायला समोर थोडं तरी मोठं माणूस लागतं. लग्नातल्या पंगतीतली बडबड झाकायला एक घर मोडायचं आणि त्याला राज्याचं हित म्हणायचं, एवढीच यांची उंची.

घरी येऊन मी बाबांना सगळं मराठीत वाचून दाखवलं. ऐंशी झाले आता, कान तेवढे शाबूत आहेत. ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणखी काही लिहिलंय का माझ्याबद्दल?” मी म्हटलं, “नाही.” “बघ नीट.” “नाही बाबा, एवढंच आहे.” मग म्हणाले, “बरं झालं.” आणि तोंड भिंतीकडे करून पडून राहिले.

मी खोटं बोलले. आणखी एक टीप होती, आणि हे पत्र तिच्यासाठीच आहे. एका उपसचिवाने लिहिलं होतं, ‘या कर्मचाऱ्यास इंग्रजी वाचता येत नाही. याच कारणाने त्याची या कामावर नेमणूक झाली होती. त्याच्याकडून बातमी फुटणे संभवत नाही.’ खाली ‘पाहिले’ आणि सही. म्हणजे त्यांना माहीत होतं, दादा. माहीत नव्हतं ते आपल्याला. त्या जेवणात बाबा एवढंच म्हणाले असते की मला इंग्रजी वाचता येत नाही, तर आपल्या संशयातून सुटले असते. पण समोर आपण दोघं बसलो होतो. रोज इंग्रजी पेपर उघडून बसणारा, आपली इंग्रजी प्रगतिपुस्तकं बघून मान डोलावणारा बाप आपल्याला असावा, म्हणून त्यांनी फितूर ठरणं पत्करलं. मुकुंदराव वकील म्हणतात, या टिपेवर कोर्टात नाव साफ होईल. मी नको म्हटलं. त्या लोकांनी बाबांना निर्दोष म्हणावं एवढी त्यांची लायकी नाही, आणि बाबांना ते तुझ्याकडून ऐकायचंय. तेव्हा ये. त्या मंत्र्याला मनसोक्त शिव्या दे, बाबांची माफी माग. इंग्रजीचा विषय मात्र काढू नकोस, कधीच. आणि हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

तुझीच धाकटी,
सुमेधा