टीराची तार आणि शनिवारच्या गोळ्या

हर्नोसांद, २८ फेब्रुवारी

प्रिय रांगहिल्डताई,
स. न. वि. वि.

टीराला निकेलची ॲलर्जी आहे. त्वचेच्या डॉक्टरांनी काल तसं पक्कं सांगितलं. ओठांच्या आतून पुरळ येतं, जेवण जात नाही, मग ओसरतं. दातांचे डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर दातांवरची निकेलची तार काढावी लागेल. टाळूत अडकलेला सुळा या तारेनेच कुठे खाली यायला लागलाय. मध्येच सोडला तर तो अडकूनच राहील. टीरा म्हणते, काढा एकदाची, निदान ब्रेड तरी चावता येईल. आणि मग लेक माझी आरशासमोर रडत बसते.

स्वच्छतेत माझी कसर नाही. गोड फक्त शनिवारी. तिला त्या आंबट गोळ्याच लागतात. संपल्या की लगेच मी स्वतः फ्लोराइडचं माउथवॉश ओतून देते, वर पाणी पिऊ देत नाही. तू दातांच्या प्रयोगशाळेत इतकी वर्षं काढलीस, काही सुचव. फोनवर आपण भांडतो, म्हणून लिहिलं.

लोभ भरपूर ठेव, उपदेश बेताचा.
इल्वा

उमेओ, ४ मार्च

प्रिय इल्वास,
अ. उ. आ.

पुरळ कोणत्या वारी उठतं?

आमच्याकडे अशा तारा माउथवॉशमध्ये बुडवून किती धातू सुटतो ते मोजतात. आंबट आणि फ्लोराइड एकत्र आले की तारेवरचा संरक्षक थर झिजतो, धातू जास्त सुटतो. बहुतेकांना तेवढ्यानं काही होत नाही. टीराला होत असेल. काचेच्या भांड्यात घडतं तेच तोंडात घडेल असं नाही, म्हणून आधी वार कळव. मनाला लावून घेऊ नकोस. शाळेत रांगेनं फ्लोराइडच्या चुळा भरायला लावून आपल्यालाही हेच शिकवलं होतं.

माया आहेच, रुसलीस तरी राहील.
रांगहिल्ड

हर्नोसांद, १० मार्च

प्रिय ताई,
स. न. वि. वि.

रविवारी. दर रविवारी. टीरा म्हणते, हे तिनं मला केव्हाच सांगितलं होतं; मीच म्हणाले की सोमवारी शाळा बुडवायचं नाटक आहे.

परवा गोळ्यांनंतर नुसतं पाणी दिलं. काल पुरळ आलं, पण थोडं; ब्रेड खाल्लान. एका शनिवारावरून निकाल लावू नये, हे मलाही कळतं. मी बाटली कचऱ्यात आपटली, तर टीरा म्हणाली, बाटलीवर का चिडतेस, ओतत तर तू होतीस. तुला हसू येईल. मला आलं नाही.

गुरुवारी डॉक्टरांकडे जायचंय. तार काढायची, की निकेल नसलेली घालून सुळा वाचवायचा, ते ठरवतील. खुर्चीत टीरा बसेल, पण माउथवॉशचं सांगायला आधी तोंड मी उघडणार.

माया असू दे, या आठवड्यात जरा जास्त.
इल्वा