पिकअप राहू द्या, मुसळ सोडा

प्रति,
मा. प्रभारी अधिकारी,
अडवलेल्या वाहनांचे आवार,
अक्कलकोट रस्ता, सोलापूर.

अर्जदार : सयाजी केरबा खटकाळे, धंदा मालवाहतूक, रा. वळसंग, ता. दक्षिण सोलापूर.

विषय : पांढऱ्या पिकअपच्या खाली आडवे बसवलेले मुसळ (बाभळीचे, एक नग) तातडीने सोडून मिळणेबाबत. पिकअपची घाई नाही.

संदर्भ : १) आपल्या पथकाचा पंचनामा, ज्यात सदर मुसळाचा उल्लेख ‘अनोळखी लाकडी अ‍ॅक्सल’ असा आहे.
२) खिडकी क्रमांक तीनवरील साहेबांनी अर्जदारास दिलेला तोंडी सल्ला, जो इथे लिहिण्यासारखा नाही.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार सविनय सादर करतो की, अर्जदाराची पिकअप आपल्या आवारात लिंबाच्या झाडाखाली उभी आहे. ती पथकाने अडवली, ते रास्तच केले. गाडीची उंची नियमाबाहेर कमी केलेली होती आणि अर्जदार ते नाकारीत नाही. गाडी आपण खुशाल ठेवून घ्यावी, तिच्यावर कावळे बसू द्यावेत. गाऱ्हाणे फक्त मुसळापुरते आहे. येत्या शुक्रवारी सकाळी अर्जदाराची मुलगी अंकिता हिची हळद असून, घाणा भरायला ते मुसळ घरी पाहिजे.

१. आपण शहरातले असाल तर हळद पुडीतून येते असा आपला समज असू शकेल. आमच्याकडे लग्नाआधी मुसळाला आंब्याची पाने बांधतात, पाच सवाष्णी मिळून ते धरतात आणि गाणी म्हणत हळकुंडे कांडतात. यालाच घाणा भरणे म्हणतात, आणि हीच हळद नवरीला लागते. सदर मुसळ अर्जदाराची आई बजाबाई हिचे. ते तिच्याबरोबर सांगोल्याकडच्या माहेराहून आले. भावकीतल्या झाडून साऱ्या पोरींची हळद त्याच मुसळाने कांडलेली आहे. मात्र अर्जदाराचे वडील वारल्यापासून आई मुसळ धुते, पुसते, पाने बांधते, पाट मांडते आणि बायका जमल्या की स्वतः चुलीपुढे जाऊन बसते. रीत तशी आहे म्हणून कोणी काही बोलत नाही. अर्जदारही बोलला नाही.

अंकिता मात्र बोलली. ती सोलापुरात रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे आणि घरी आली की सगळ्यांचेच रक्त तपासते. तिने साऱ्या घरासमोर सांगितले, “घान्याला पहिला हात आजीचा. न्हायतर मी हळदीला बसनार न्हाय.” आईने आधी कानावर हात ठेवले, मग चिडली, मग रडली. पंचमीपासून संक्रांतीपर्यंत ही ओढाताण चालली. शेवटी ती म्हणाली, “माजं मुसळ हाय, त्याला लावीन हात. दुसऱ्याच्या मुसळाला हात लावायला मी कोन?” एवढ्या मुश्किलीने मिळालेला हा होकार आपल्या लिंबाच्या झाडाखाली अडकला आहे.

२. आता गाडी खाली का केली, ते. लग्नाचे आवतण आई स्वतः फिरून देणार असे ठरले. तिचे गुडघे दुखतात आणि पिकअपची पायरी उंच. अर्जदाराने तिला दंडाला धरून वर घेऊ पाहिले, तेव्हा ती म्हणाली, “मी काय शेरडू हाय व्हय, उचलून गाडीत टाकायला?” मग स्टूल आणले. शेजारी बघत होते म्हणून तिने ते पायाने लोटून दिले. आई वर जात नाही म्हटल्यावर गाडीनेच खाली यावे, असे अर्जदाराच्या मनात आले. यात कायदा मोडतो हे अर्जदारास ठाऊक नव्हते. ठाऊक असते तरी उपयोग नव्हता, कारण आई हातभर अंतरावर उभी होती आणि कायदा सोलापुरात होता.

३. वळसंगचे फिटर शरणबसव यांनी पुढच्या दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगच्या पाट्यांतली एकेक पट्टी काढली. गाडी चार बोटे खाली बसली. आई पदर खोचून आपल्या पायाने चढली आणि सीटवर बसून तिने शेजाऱ्यांकडे एकवार पाहून घेतले. परंतु गाडी खाली आली तशी चाकावरची मोकळी जागा गेली. उजवीकडे वळले की टायर मडगार्डला घासू लागला आणि जळक्या रबराचा वास सुटू लागला. डावीकडे वळताना घासत नसे. सबब अर्जदाराने काही दिवस गाडी फक्त डावीकडे वळवली. उजवीकडे जायचे तर तीनदा डावीकडे वळायचे. याचा परिणाम असा झाला की, डाव्या हाताच्या पाहुण्यांना आवतण दोन-दोनदा पोचले आणि उजव्या हाताचे पाहुणे रुसून बसले. जेऊरच्या मावशीने फोन करून आम्हाला वाळीत टाकले का, असे विचारले. तिच्या घराकडे स्टेशनपासून उजवीकडे वळावे लागते, हे कारण तिला अजून पटलेले नाही.

४. यावर उपाय करणे भाग पडले. शरणबसव म्हणाले, “घासतंय म्हंजे जागा पायजे री. टायर ल्हान करा, न्हायतर मडगार्ड मोटं करा.” लहान टायर घातला तर गाडी आणखी खाली जाणार आणि माल भरला की पोट टेकणार. मडगार्ड ग्राइंडरने कापले तर आपले पथक ते लांबूनच ओळखणार. तेव्हा मडगार्डची आतली धार वर दुमडायची ठरली. त्यासाठी टायर आणि धार यांच्यामध्ये गोल, गुळगुळीत लाकूड धरतात आणि गाडी हळूहळू मागेपुढे ढकलतात. लाकूड फिरते, पत्रा दुमडतो आणि टायरला जागा होते. प्रथम अर्जदाराची पत्नी वैजयंती हिचे लाटणे वापरले. ते मोडले. त्या दिवसापासून घरात चपाती बंद आहे.

नंतर अर्जदाराची नजर कोपऱ्यातल्या मुसळाकडे गेली. इथेच अर्जदाराची बुद्धी फिरली. मुसळाने दोन्ही मडगार्ड नामी दुमडले गेले, त्यावर साधा ओरखडाही उठला नाही. काम तिथे थांबवून मुसळ जागेवर ठेवले असते तर हा अर्ज लिहायची पाळी आली नसती. पण कांद्याची पोती भरताच गाडी पुन्हा दबली आणि टायर पुन्हा घासू लागला. तेव्हा शरणबसव यांनी तेच मुसळ पुढच्या दोन्ही पाट्यांवर, चासीच्या खाली, आडवे ठेवून नटबोल्टने आवळले. गाडी दोन बोटे वर आली. आईला चढता येते आणि टायरही घासत नाही अशी नेमकी उंची मिळाली. हे सर्व हळदीपर्यंत तात्पुरते होते. आईला मुसळ सुताराकडे पॉलिशला दिल्याचे सांगण्यात आले.

५. यापुढचे लिहिताना अर्जदारास लाज वाटते. आई त्या मुसळाच्या बरोबर वर बसून सांगोल्यापासून जेऊरपर्यंत फिरली, उजव्या हाताच्या पाहुण्यांकडेही गेली, आणि प्रत्येक दारात म्हणाली, “घान्याला या. माजं मुसळ पालिशला टाकलंय.” परतताना सोलापूरच्या अलीकडे आपल्या पथकाने गाडी अडवली. एक साहेब बॅटरी घेऊन खाली वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. मग त्यांनी दुसऱ्या साहेबांना बोलावले. दोघांनी मिळून हा सुटा भाग कोणत्या कंपनीचा, अशी विचारणा केली. एवढे काय बघताहेत म्हणून आई उतरली, दुखत्या गुडघ्यांवर हात ठेवून वाकली आणि तिनेही पाहिले. टोकाच्या लोखंडी कड्यावरून तिने ते ओळखले.

तिथून दोघे एसटीने घरी आले. तेव्हापासून अर्जदाराशी तिने बोलणे टाकले. जेवायला वाढते, पण ताट आपटते. अर्जदार पन्नाशीला आला आहे, तरी त्यास हे सहन होत नाही.

६. अर्जदार दुसऱ्याच दिवशी आपल्या खिडकी क्रमांक तीनवर आला. तिथे मुसळाच्या खरेदीची पावती मागण्यात आली. आईच्या लग्नात सुताराने शेरभर ज्वारी घेऊन मुसळ दिले होते आणि पावती देण्याइतका तो पुढारलेला नव्हता. त्यानंतर उत्पादनाचे वर्ष विचारले. बाभूळ कधी उगवली ते अर्जदारास माहीत नाही. सरतेशेवटी असे सांगण्यात आले की, मुसळ काढले तर गाडी दोन बोटे खाली बसेल, पंचनाम्यातली उंची जुळणार नाही आणि पुराव्यात फेरफार होईल. हा मुद्दा अर्जदारास पटला. अर्जदार घरी जाऊन त्यावर नीट विचार करू लागला.

७. दरम्यान अर्जदाराचे चुलतभाऊ आबासाहेब, जे भावकीत वडील असून कोणाच्याही घरचे कार्य असले तरी मध्ये बसतात, त्यांना ही वार्ता समजली. त्यांना आनंद झाला. ते ओट्यावर बसून म्हणाले, “बरं झालं की. इधवा बाईनं घान्याला हात लावू नये, म्हून देवानंच मुसळ सरकारजमा केलं.” वर त्यांनी पदरमोड करून सोलापुरातून नवे मुसळ पाठवले. ते मशीनवर घासलेले असून त्याला व्हार्निश आहे आणि किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली आहे. आईने ते पाहिले आणि ती चुलीपुढे जाऊन बसली. अंकिताने पुष्कळ समजावले. मुसळ दुसऱ्याचे आहे, एवढेच ती म्हणते. मागे हटायला तिला हे निमित्त पुरेसे आहे, आणि तिला ते अर्जदाराने आयते करून दिले आहे.

८. सबब अर्जदार पुढीलप्रमाणे तोडगा सुचवतो. आबासाहेबांचे नवे मुसळ अर्जदाराने जुन्याच्या आठवणीने चाचपून पाहिले आहे, जाडी तेवढीच आहे. शरणबसव आपल्या आवारात येऊन, आपल्या पंचांसमोर, जुने मुसळ काढून त्या जागी नवे बसवून देतील. गाडीची उंची केसभर बदलणार नाही. पंचनाम्यात लाकडी अ‍ॅक्सल लिहिले आहे, ते लाकडीच राहील. अनोळखी लिहिले आहे, तेही खरे राहील, कारण नव्या मुसळास आमच्या घरात कोणी ओळखत नाही. आबासाहेबांची देणगी सत्कारणी लागेल. गाडी किती दिवस ठेवायची, दंड काय लावायचा, पट्ट्या परत घालून घ्यायच्या की कसे, हे सर्व आपण सवडीने ठरवावे. अर्जदार सही करील. दुमडलेले मडगार्ड तेवढे परत उलगडायला लावू नये, कारण घरात आता दुसरे लाटणे नाही.

९. एक बाब राहिली. मुसळ सोडण्याच्या कागदावर अर्जदाराचे नाव घालू नये. गाडी अर्जदाराची, परंतु मुसळ बजाबाई केरबा खटकाळे यांचे आहे, तेव्हा ‘घाण्याकरिता बजाबाई यांच्या हाती दिले’ असे स्पष्ट लिहून त्याखाली गोल शिक्का मारावा. आमच्या भावकीत देवाच्या नावाने कोणीही काहीही बोलतो. परंतु गोल शिक्क्याचा कागद आला की आबासाहेबसुद्धा चष्मा काढून ठेवतात आणि चहा मागतात. असा कागद घरात असला तर शुक्रवारी कोणी तोंड उघडणार नाही, अशी अर्जदाराची खात्री आहे.

हा अर्ज आज सकाळी अंकिताने घरात मोठ्याने वाचून दाखवला. आई भाकरी थापत होती. मुसळ तिच्या नावाने मागितले आहे, हे ऐकून तिचा हात थांबला, आणि इतक्या दिवसांत प्रथमच ती अर्जदाराशी बोलली. ती म्हणाली, “सयाजी, माजं कपाळ मोकळं हाय, हे त्या सायबास्नी म्हाईत हाय का? त्यास्नी चालंल का रं?”

अर्जदाराने विचारून सांगतो असे म्हटले आहे. तरी याचे उत्तर आपण होकारार्थी, लेखी आणि शुक्रवारचे ऊन चढायच्या आत द्यावे, ही हात जोडून विनंती.

आपला नम्र व सध्या पायी,
सयाजी केरबा खटकाळे
वळसंग, दि. २२ एप्रिल २०२५

सोबत : लग्नपत्रिका एक, आपल्या नावाची, सहकुटुंब.