फळी तेल पीत नाही

ठाणे, कोळीवाडा
शनिवार, १२ जुलै

चि. दामाजी यास,

तुझ्या थोरल्या बहिणीचे, शेवंतीबायचे अनेक आशीर्वाद. मेघालीला आणि आपल्या पोरीला, दक्षताला पण सांग. इकडे सर्व ठीक आहे. पाऊस आहे पण पाणी अजून आळीत शिरलेलं नाही. समोरच्या केशरबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता तिला नको ते पण दिसतं.

पत्र बघून तू कपाळाला हात लावशील. फोन असताना पत्र कशाला, असं वाटेल. तर फोनवर तू दोनदा हं हं करतोस आणि बायकोच्या, मेघालीच्या हातात देतोस. व्हॉट्सअॅपवर लिहिलं तर निळ्या रेघा येतात, पण वाचलं कोणी ते रेघा सांगत नाहीत. पाकिटावर तुझं नाव घातलंय. तूच फोड. आधीच फुटलेलं मिळालं तर मला कळव.

मुद्द्याचं लिहिते. आपली होडी, हौसा, पत्र्याखाली तशीच आहे. बाबांच्या माघारी तीन वर्षं ती पाण्यात गेली नाही, हे तुला सांगायला नको. मी रोज सकाळी तिच्यावर हात फिरवून बाजारात जाते, आईचं नाव आहे तिच्यावर म्हणून. गेल्या शुक्रवारी दुपारी मासळीची पाटी घेऊन परत आले तर डेकच्या पुढच्या टोकाच्या दोन फळ्या कोणीतरी खरवडलेल्या. पटाशीने वरचा थर काढून, मागाहून पॉलिश पेपर मारून. भुसा झाडून नेलेला. चोर भुसा झाडून नेत नाही, म्हणून माझ्या मनात पाल चुकचुकली. काल परत शुक्रवार. काल आणखी तीन फळ्या.

माझा पहिला संशय रवींद्रवर. आपला चुलतभाऊ असला तरी त्याच्या पोटात काय आहे मला माहीत आहे. त्याला पत्र्याखालची जागा मोटरसायकलला हवी आहे. मी त्याला सरळ विचारलं तर म्हणतो, "बाय, मना काय करायचाय तुजे फळ्या खरवडून? मी माजे घराला रंग देत नाय, तुजे होडीला कदी हात लावू?" हे मात्र खरं आहे. त्याच्या भिंतीची अवस्था तू बघितलेली आहेस.

मग दुसरं डोक्यात आलं. हल्ली हॉटेलवाले जुन्या होडीचं लाकूड शोधत फिरतात, टेबलं करायला. आधी खरवडून बघतात म्हणे, आत सागवान आहे की नाही. तुझ्याकडे कोणी आलेलं का? तू कोणाला हो म्हणालास का? मेघालीने मागच्या महिन्यात फोनवर सहज विचारलं होतं, "ताई, होडी अजून पत्र्याखालीच आहे ना?" सहज कोणी असं विचारतं का, ते तूच सांग.

उलट टपाली कळव. आणि कोणी माणूस तू पाठवला असशील तर त्याला सांग, वरवर काय ते कर. जुन्या फळीला फार खोल खरवडू नये.

तुझी बाय,
शेवंती

—

ठाणे
शनिवार, २६ जुलै

चि. दामाजीस आशीर्वाद.

दोन आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. ठाण्याचं पत्र डोंबिवलीला जायला एवढे दिवस लागत नाहीत. मिळालं नाही असं म्हणायची सोय राहू नये म्हणून हे रजिस्टर करते आहे. सही कोणाची येते ते पण कळेल.

श्रावण लागला. बाजारात अर्ध्या पाट्या उलट्या पडल्या आहेत, सुकटीलासुद्धा गिऱ्हाईक नाही. मेघालीने डोंबिवलीत श्रावण पाळायला सुरुवात केली की नाही देव जाणे. दक्षताचं कॉलेज कसं आहे? तिने मला तीन वर्षांत एकदा फोन केला, तो पण चुकून लागलेला.

आता ऐक. १८ तारखेच्या शुक्रवारी मी सापळा लावला. बाजारात जाताना हौसाभोवती जमिनीवर तांदळाचं पीठ भुरभुरून गेले, रांगोळी टाकतात तसं पण पातळ. पत्र्याखाली जमीन कोरडी असते म्हणून जमलं. परत आले तर पिठात पाय उमटलेले. आळीतला माणूस तिथे अनवाणी नाहीतर स्लीपरवर येतो. हा बूट होता. जाड तळव्याचा, आडव्या पट्ट्यांचा, कंपनीत देतात तसला. आणि फळ्या अर्ध्याच्या वर झालेल्या.

मग मी वारांचा हिशोब मांडला. चारही वेळा शुक्रवार, कालचा धरून. शुक्रवारी मी बाजारातून लवकर हलत नाही हे आळीला माहीत आहे. पण शुक्रवारी तुझ्या डोंबिवलीच्या एमआयडीसीला सुट्टी असते हे आळीतल्या कोणाला माहीत असायचं कारण नाही.

तरी मी केशरबाईला गाठलं. ती दिवसभर दारात कोलंबी सोलत बसते, तिच्या नजरेतून मांजर सुटत नाही. तिने मान पण वर केली नाही. म्हणाली, "तुजाच भाव येतंय गो. सकाळचे नवाचे टायमाला येतंय, बाराला जातंय. मना वाटला तुना ठाव हाय."

मला ठाऊक नव्हतं, दामा. सख्खा भाऊ ठाण्यात येतो, माझ्या दारासमोर तीन तास बसतो, आणि मी घरी नसेन एवढं बघून येतो. केशरबाईला म्हटलं, पाणी तरी विचारलंस का त्याला? तर म्हणे, "इचारला. नको बोलला. घामाघूम झालेला, तरी नको बोलला."

तुला काय हवं आहे ते सरळ लिही. होडी विकायची असेल तर विकायची म्हण. मी आडवी येईन, पण समोरून येईन. तीन वर्षांत तू इथे एकदाच पाय ठेवलास. बाबांच्या वर्षश्राद्धाला आलास तो पंगतीतून उठून गेलास, कारण रवींद्र भरल्या पानावर म्हणाला की तेल नीट पुसलं असतं तर म्हातारा आज बसला असता. मी तेव्हा वाढत होते. मी रवींद्रला गप्प बस म्हटलं नाही, हे तुझ्या मनात आहे. असू दे. माझ्या पण मनात बरंच आहे.

एवढं मात्र विचारते. तुला तेलच द्यायचं असेल तर वरची घाण काढून तेल देता येतं. तळापर्यंत खरवडायची काय गरज? तिथे तू काय शोधतोस? जुन्या थराखाली जुनाच थर असतो. ते काम आता थांबव. मी सांगते म्हणून थांबव.

बाय

—

ठाणे
शनिवार, २ ऑगस्ट

प्रिय दामा,

काल परत शुक्रवार होता. मी बाजारात गेले नाही. पाटी भरून निघाल्यासारखं केलं आणि मागच्या दाराने परत येऊन खिडकीच्या फटीला बसले. अठ्ठावन्न वर्षांची बाई स्वतःच्या घरात चोरासारखी बसली होती.

तू नवाला आलास. केस पांढरे झाले तुझे, फोनवर ते दिसत नाहीत. तू बूट काढून बाहेर ठेवलेस, म्हणजे पिठाची गोष्ट तुला पत्रात वाचून कळली होती आणि पत्रं पोचत होती. गुडघ्यावर बसून तू शेवटच्या फळ्या खरवडल्यास, लाकडाच्या रेषेने, बाबा शिकवायचे तसं. घाई नाही. अकराच्या सुमाराला तू थांबलास. फळीवर हात ठेवून बराच वेळ बसून राहिलास. मी कडीला हात लावला होता. कडी निघाली नाही. म्हणजे मी काढली नाही.

तू गेल्यावर मी बाहेर आले. सगळा डेक उघडा, पांढरट, आतलं लाकूड दिसणारा. बाबांच्या वेळीसुद्धा मी त्याला इतका स्वच्छ पाहिला नव्हता. फक्त मागच्या बाजूला, वल्ह्याच्या खुंटीजवळ, तळहाताएवढा तुकडा तू तसाच ठेवला आहेस. वर तेलाचा काळपट थर, तो अर्धा काढलेला, आणि त्याच्याखाली पिवळा, काचेसारखा चकचकीत थर. त्याच्या शेजारी माशाच्या तेलाचा नवा डबा, झाकण न उघडलेला, आणि धुतलेलं फडकं घडी करून.

माझा स्वभाव तुला माहीत आहे. आधी मला वाटलं, हा पुरावा ठेवला आहे. आता हा चार माणसं आणील आणि दाखवील. संध्याकाळपर्यंत मी तेच धरून बसले. स्वयंपाक केला नाही. पटाशी घेऊन तो तुकडा काढून टाकायला पण गेले होते, हे लिहायला लाज वाटते. मग त्या फडक्याकडे लक्ष गेलं. ज्याला चार माणसं आणायची असतात तो फडकं धुऊन कशाला ठेवील? आणि डबा बंद कशाला ठेवील?

लिहिते आता. तीन आठवडे तुझ्यावर संशय घेत होते तो याच भीतीने, की कोणीतरी तेवढं खोल खरवडेल.

आपल्या घरात नारळी पौर्णिमेच्या आधी डेकला तेलाचा पहिला हात मुलाचा, आणि ज्याचा पहिला हात त्याच्याच हातून खाडीला नारळ. होडी धुवायची मी. फळ्या घासायची मी. सांध्यात कापूस ठोकायला बाबांच्या बरोबर उन्हात मी बसायची. तू डोंबिवलीहून ड्युटी करून यायचास, तासभर तेल लावायचास आणि नारळ तुझ्या हातात. यात तुझी चूक नव्हती. पण मला दरवर्षी सलायचं. मी थोरली आहे, दामा. मी नवऱ्याच्या घरून परत आले ती या होडीवर राबले. एक वर्ष तरी बाबा म्हणतील, शेवंती, हात लाव. म्हणाले नाहीत.

बाबा गेले त्या वर्षी मी दुकानातून व्हार्निशचा डबा आणला. तू यायच्या दोन दिवस आधी, बाबा दवाखान्यात गेले होते तेव्हा, सगळ्या डेकला एक हात मारला. पहिला हात माझा, एवढंच मनात होतं. कोणाला कळणार नाही, मला कळेल. दिसायला पण छान दिसत होतं. व्हार्निशवर तेल मुरत नाही हे मला ठाऊक नव्हतं, असं लिहिणार होते. पण ते अर्धंच खरं आहे. कारण त्या संध्याकाळी तू तेल लावताना मला हाक मारलीस, "बाय, आज फळी तेल पीत नाय गो." तेव्हा मला कळलं. तेव्हा सांगता आलं असतं. मी दारातून म्हटलं, पावसाळी हवा आहे, म्हणून असेल.

तू तीनदा पुसलंस. मी दारात उभी राहून बघत होते. फडकं पिळून पिळून पुसलंस, तरी चकाकत होतं. तीन दिवसांनी पौर्णिमेला सर आली, बाबा नारळ तुझ्या हातात द्यायला अनवाणी डेकवर चढले आणि घसरून पडले ते कमरेवर. खुब्याचं हाड मोडलं. नवरात्रात टेंभी नाक्याला देवी आली त्या दिवशी बाबा गेले. मधल्या दीड महिन्यात आळीतलं प्रत्येक माणूस खाटेशी बसून म्हणून गेलं, दामाने तेल पुसलं नाही. तू एकदा माझ्याकडे बघितलंस, की मी काही बोलीन. मी चहा आणायला उठले.

तू मला केव्हा ओळखलंस ते मला विचारायचं धाडस नाही. या महिन्यात ओळखलंस की त्याच संध्याकाळी?

आज सकाळी मी रवींद्रला आणि केशरबाईला पत्र्याखाली बोलावलं. तो तुकडा दाखवला. हा चकचकीत थर खालचा, तेल वरचं, खालचा माझा, असं सांगितलं. रवींद्रला कळायला वेळ लागला. कळल्यावर तो चपला घालून घरी गेला. केशरबाई म्हणाली, "तीन वरसा पोराला आळीत तोंड दाखवू दिला नाय तुना." मी हो म्हटलं. दुपारपर्यंत आळीभर झालं असेल. पाण्याच्या नळावर माझ्यासाठी कोणी सरकलं नाही. सरकू नये.

डबा मी उघडलेला नाही. पहिला हात तू मला ठेवला आहेस हे समजलं. पण मी तो एकटीने देणार नाही, आधी एकटीने दिला त्याचं काय झालं ते झालं. पौर्णिमा शुक्रवारी आठ तारखेला आहे, तुझी सुट्टीच आहे. तेलाला वाळायला तीन दिवस लागतात, तेव्हा मंगळवारपर्यंत ये. रजा मिळत नसेल तर ड्युटी सुटल्यावर ये, मी दिवा लावून ठेवीन. मेघालीला घेऊन ये, तिच्याविषयी मी जे लिहिलं त्याची माफी मला तिच्या तोंडावर मागायची आहे. आणि नाही आलास तर मी तुला बोल लावणार नाही. मग हौसा या वर्षी पण पत्र्याखाली राहील, कोरडी.

हे पत्र दक्षताला वाचायला दे. तिच्या आजाचं काय झालं ते तिने आळीकडून ऐकलेलं आहे, माझ्याकडून नाही. जपून ठेव. उद्या मी उलटले तर हे माझं अक्षर आहे.

तू तेल पुसलं होतंस.

तुझी बाय,
शेवंती