अठरा कॅरेट

ग्यूसॉक, माझ्या उनाड नातवा,

मी सांगतेय, शेजारची माल्सुन लिहितेय. मला वाचता येत नाही, तरी नजर ठेवून आहे; बाई माझ्या तोंडी गोड शब्द घालायची.

परवा बंदरावरच्या साहेबांनी बोलावलं. समुद्रात एक माणूस सापडला होता, चेहरा ओळखू न येणारा. त्याची अंगठी माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "आजी, तुमच्या नातवाची का?"

मी दातांनी चावली. वण उठला नाही, रंगही तांबूस.

"साहेब, ही अठरा कॅरेटची. पोराच्या पहिल्या वाढदिवसाला मी चोवीसची घातली होती, नखानेही वाकायची. हा आमचा नव्हे."

एक गोष्ट मी सांगितली नाही. जाळी ओढताना चोख सोनं वाकतं, म्हणून गेल्या वर्षी तू तीच अंगठी आटवून, तांबं घालून मोठी करून आणलीस. "सोन्याची माती केलीस, गाढवा!" म्हणत मी दोन दिवस अबोला धरला होता. साहेबांना 'आमचाच' म्हटलं असतं, तर तू परत येणार नाहीस हे मला मानावं लागलं असतं.

माल्सुन, रडू नको, कागद भिजेल.

आज त्यांनी त्याला बेवारस म्हणून पुरलं. मी लांबून पाहिलं. माझ्या हातचा घासभर भातही त्याच्यापुढे ठेवता आला नाही.

पत्त्याची जागा कोरीच ठेव गं.

'आमचा नव्हे' म्हणालेली,
तुझी आजी